पावसाच्या सुट्टीतला पहिला पाय

(समुदाय रेडिओवर झालेलं भाषण)

भाकऱ्या झाल्या असतील, नसतील तर थापता थापता ऐका. आजचं बोलणं स्वयंपाकघरातलंच आहे, पण रोजचं नाही.

आपल्या महाड-पोलादपूरकडे जुलैत एक वेगळी सुट्टी येते. ती कॅलेंडरात नसते. रात्री मोबाइलवर निरोप फिरतो की उद्या रेड अलर्ट आहे, शाळांना सुट्टी. सकाळी उठावं तर आंबेनळी घाट बंद, एमआयडीसीत जाणारी कंपनीची बस आलेली नाही आणि लाइट गेलेली. महाबळेश्वरला जो पाऊस कोसळतो तो सावित्रीतूनच खाली आपल्याकडे येतो, त्यामुळे इथं थोडी उघडीप असली तरी नदीकडे कान लागलेला असतो. २२ जुलै २०२१ला महाड पाण्यात गेलं. त्याच दिवशी तळिये, आपल्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथं दरडी कोसळल्या. त्यानंतर आपल्यातल्या कुणालाच ही सुट्टी नुसती सुट्टी वाटत नाही. पोरं घरात कोंडलेली, बाप्ये घरात कोंडलेले, आणि सगळ्यांना दर दोन तासांनी काहीतरी गरम खायला हवं. सुट्टी सगळ्या घराला, चुलीला तेवढी नाही.

गेल्या वर्षी अशाच दोन दिवसांच्या सुट्टीत आमच्या घरी पहिला पाय झाला. त्याचीच गोष्ट सांगते, आणि तो कसा करायचा तेही सांगते.

आमच्या बहिणीची मुलगी ठाण्याहून आली होती आणि पावसामुळे अडकली होती. कॉलेजात शिकते. माळ्यावर राखलेला लाल भोपळा तिनं बघितला आणि म्हणाली, “मावशी, आज आपण पाय करू या.” सासूबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. “आषाढच आहे, चालेल. पण ह्या पावसात पाय आणणार कोण?” त्यांना वाटलं बकऱ्याचे. पोरगी हसून हसून लोळली. मग तिनं समजावलं, की हा पाय म्हणजे विलायती पदार्थ. ताटलीत पिठाची पारी बसवायची, तिच्यात सारण भरायचं आणि ओव्हनमध्ये भाजायचं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी मोठी सुट्टी असते, घरोघरी माणसं जमतात, आणि त्या दिवशी लाल भोपळ्याचा पाय लागतोच.

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे घारग्याचं सारण करंजीत घातलं आणि तळायच्या जागी भाजलं.”

मैत्रिणींनो, अख्ख्या पायची व्याख्या एवढीच आहे. पुढं जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुम्हाला येतंच. भोपळाही काही तिथून मागवायला नको, खरं तर तो तिथलाच आहे. लाल भोपळा मूळ अमेरिका खंडातला. कोलंबस १४९२मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर मिरची आणि बटाट्यासारखा तोही समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि आपण त्याचे घारगे केले. त्यांनी पाय केला. गूळ आपला, दालचिनी त्यांची, एवढाच फरक.

तर पहिल्या दिवशी आम्ही पाय केला आणि तो बिघडला. कसा बिघडला ते आधी सांगते, कारण शिकले ते त्यातूनच.

पीठ मी मळलं. आता आपला हात पोळीचा. गव्हाचं पीठ दिसलं की तळहात आपोआप जोर लावतो. मी घेतलं दोन वाट्या पीठ, पातळ केलेलं तूप घातलं, भरपूर पाणी घातलं आणि चांगलं दहा मिनिटं तिंबलं. मऊसूत गोळा झाला, मला बरं वाटलं. भाजल्यावर त्याची पारी अशी वातड झाली की सुरी वाकली.

याचं कारण असं. गव्हाच्या पिठात पाणी पडलं आणि ते मळलं की त्यातला चिकट भाग जाळ्यासारखा विणला जातो. इंग्रजीत त्याला ग्लूटेन म्हणतात. जितकं मळाल तितकी जाळी घट्ट. पोळीला ती हवी असते, तिच्यामुळे पोळी ताणली जाते, फुगते, फाटत नाही. तांदळाच्या पिठात ही जाळी होत नाही, म्हणून तर आपण तांदळाच्या भाकरीसाठी उकड काढतो. पायच्या पारीला जाळी नको. ती दाताखाली भुगा झाली पाहिजे, करंजीसारखी. आणि करंजीला आपण काय करतो? मोहन घालतो, आधी कोरड्या पिठाला तूप चोळतो, मग पाणी. तुपाचं बोट लागलेल्या पिठाला पाणी नीट लागत नाही, जाळी तुटक होते, खुसखुशीतपणा येतो. मूठ वळून बघायची आपली जी खूण आहे ना, मोहन घातलेलं पीठ मुठीत वळलं पाहिजे आणि बोट लावलं की मोडलं पाहिजे, तीच खूण इथंही. हे मला येत होतं. पण पदार्थाचं नाव इंग्रजी असल्यामुळे मी येणारं सगळं बाजूला ठेवलं आणि पोरीच्या फोनकडे बघत बसले. फोनची बॅटरी तर साडेदहालाच संपली.

दुसरी चूक सारणाची. भोपळ्यात शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं. मी तो किसून, गूळ घालून, जरा परतून तसाच पारीत ओतला. वाटलं, भाजताना आटेल. आटला नाही, त्याचं पाणी खाली झिरपलं आणि पारीचा तळ कच्चा, गिचका राहिला. बाजूनं वातड, खालून गिचका.

तिसरी चूक भाजण्याची होती. ती सगळ्यात मोठी, त्यावर जरा जास्त बोलते.

आमच्याकडे ओव्हन नाही, आणि असता तरी लाइट नव्हती. पोरीनं सांगितलं, कढईत मीठ तापवून वर ताटली ठेवून झाकण लावलं तरी चालतं. तसं केलं. पाऊण तासानं झाकण उघडलं तर वरून पाय पांढराफटक आणि त्यावर पाण्याचे थेंब. भोपळ्याची वाफ झाकणाला लागून पुन्हा सारणावर ठिबकत होती. म्हणजे भाजण्याच्या नावाखाली आम्ही पाय उकडत होतो.

सासूबाई येऊन बघून गेल्या आणि एवढंच म्हणाल्या, “झाकणावर निखारे कुठं आहेत?”

मी गप्पच झाले. त्यांच्या आईच्या हातचं धोंडस मी त्यांच्याच तोंडून किती वेळा ऐकलं होतं. भाद्रपदात काकड्या जून होतात, पिवळ्या, हातभर लांब. त्या किसून, तांदळाचा भाजलेला रवा आणि गूळ घालून मिश्रण शिजवायचं, जाड भांड्यात ओतायचं, भांडं मंद निखाऱ्यावर, आणि झाकणावरही निखारे. कुणी त्याला धोंडस म्हणतं, कुणी तवसळी, खाली दक्षिणेकडे तवसोळी. आता कुकरात करतात आणि त्याला काकडीचा केक म्हणतात, मग पोरं खातात. रायगडातल्या सीकेपी घरांतलं श्रावणातलं निनावही असंच: बेसन, गूळ, नारळाचं दूध, आणि भाजणं वरखाली विस्तवावर. मुंबईच्या पाठारे प्रभूंची भानोळी अशीच. गोव्यात बिबिंका करतात, ती तर एकावर एक थरांची. एक थर ओतायचा, वरून विस्तव देऊन तो लाल करायचा, मग दुसरा ओतायचा. हे सगळं भाजणंच आहे. ओव्हन नव्हता म्हणून आपल्याला भाजणं येत नव्हतं, असं कधीच नव्हतं.

आणि ज्या घरांना निखाऱ्यांचा कंटाळा, त्या बेकरी गाठायच्या. तुमच्यातल्या चाळिशीच्या पुढच्या बायकांना आठवत असेल. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्यात घरून मैदा, साखर, डालडा घेऊन शहरातल्या बेकरीत जायचं, नानकटाई नाहीतर बिस्किटं पाडून त्यांच्या भट्टीत भाजून घ्यायची आणि पत्र्याचा डबा डोक्यावर घेऊन घरी यायचं. भट्टी भाड्याची, हात आपला.

आता वरून विस्तव का लागतो ते सांगते. पाणी उकळलं की त्याची वाफ होते, आणि साध्या झाकलेल्या भांड्यात ती वाफ १०० अंशांच्या वर जात नाही. इडली, मोदक, अळुवडीचे उंडे १०० अंशांवर शिजतात. शिजतात, पण तांबूस होत नाहीत. कितीही वेळ ठेवा, मोदक पांढराच राहणार. तांबूस रंग आणि तो खमंग वास यायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं, आणि त्यासाठी पृष्ठभाग कोरडा लागतो. तव्यावरच्या भाकरीला डाग पडतात ते म्हणून. ओव्हनमध्ये पाय भाजतात तो १८० अंशांच्या आसपास, म्हणजे करंजी तळताना तेल जेवढं तापलेलं असतं साधारण तेवढंच. फरक असा, की तेल करंजीला चहूबाजूंनी एकदम चटका देतं. गरम हवा तो चटका सावकाश देते, म्हणून करंजी पाच मिनिटांत होते आणि पायला तास लागतो.

कढईत खालचं मीठ तापतं, त्याची धग ताटलीच्या तळाला मिळते. पण झाकण गार असतं. गार झाकणाला वाफ लागली की पाणी होणार आणि ठिबकणार, जेवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून पाणी सुटतं तसंच. झाकणावर निखारे ठेवले की दोन कामं होतात: वरून धग मिळते आणि झाकणच तापल्यामुळे वाफेचं पाणी होत नाही, ती फटीतून निघून जाते, पृष्ठभाग कोरडा राहतो. सासूबाईंच्या आईला १४० अंश माहीत नव्हते. तिला धोंडस लाल झालेलं हवं होतं, आणि ते कसं होतं ते माहीत होतं.

पहिल्या दिवसाचा पाय टाकला नाही हं. सारण चमच्यानं काढून वाटीत खाल्लं, नारळाचं दूध ओतून. पारी म्हशीला. दुसऱ्या दिवशीही सुट्टी जाहीर झाली, आणि या खेपेला सासूबाई पाट घेऊन चुलीशी बसल्या.

आता कृती सांगते. कागद-पेन्सिल घ्या. माप साध्या वाटीचं, जिच्यात दीडशे मिलीलीटर पाणी मावतं ती. ताटली सात इंचांची, उभ्या काठाची, केकचं भांडं असलं तर उत्तम.

आधी सारण करा, कारण ते गार व्हायला वेळ लागतो. लाल भोपळा साल काढून किसून अडीच वाट्या. चमचाभर तुपावर परता, झाकण न ठेवता, पाणी सुटून पुन्हा आटेपर्यंत. मग पाऊण वाटी चिरलेला गूळ. गुळानं पुन्हा पाणी सुटेल, घाबरू नका, तेही आटवा. अर्धी वाटी नारळाच्या घट्ट दुधात दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ गुठळ्या मोडून कालवा आणि त्यात घाला. गाईम्हशीचं दूध घालू नका, गुळानं ते फाटण्याचा संभव असतो. सतत ढवळा. सारण कढईच्या कडा सोडायला लागलं की उतरवा. तांदळाचं पीठ इथं बांधणीसाठी आहे. गरम झालं की त्यातली खळ फुगून पाणी धरून ठेवते आणि निवल्यावर आणखी घट्ट होते. तिकडे हेच काम अंड्याकडून करून घेतात. तुमच्याकडे अंडं चालत असेल तर सारण निवल्यावर एक फेटून घाला आणि तांदळाचं पीठ एकच चमचा घ्या. वेलची, जायफळ, किंचित सुंठ आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, नुसतं गोड मचूळ लागतं.

पारीसाठी गव्हाचं पीठ दीड वाटी आणि तांदळाचं अर्धी वाटी. मैदा मुद्दाम सांगत नाही. रेड अलर्टला दुकान उघडं नसतं, आणि तांदळाचं पीठ मिसळलं की चिकटपणा कमी होऊन पारी चांगली खुसखुशीत होते. चिमूट मीठ. थिजलेलं तूप अर्धी वाटी, पातळ केलेलं नको. फ्रीज बंद असेल तर तुपाची वाटी पावसाच्या गार पाण्यात तासभर ठेवा. आता तळहात नाही, फक्त बोटांची टोकं वापरायची. तूप पिठात चुरा, जाड रव्यासारखं दिसेपर्यंत, मधे मधे तुरीच्या डाळीएवढे तुपाचे कण राहिले तरी राहू द्या. भाजताना ते कण वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते, पिठातल्या पाण्याची वाफ ती उचलून धरते आणि पापुद्रे सुटतात. चिरोट्याला साटा लावतो तो यासाठीच. मग गार पाणी एकेक चमचा शिंपडा, तीन-चार मोठे चमचे पुरतात. गोळा जेमतेम एकत्र आला की थांबा. मळायचं नाही. हात शिवशिवेल, तरी नाही. अर्धा तास झाकून ठेवा.

दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये लाटा, पोळीपेक्षा तिप्पट जाड. उचलताना फाटली तर लाजायचं कारण नाही. तूप लावलेल्या ताटलीत तुकडे बसवा, बोटानं सांधा, काठावर चढवा. ही पोळी नव्हे, फाटली म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. काट्यानं टोचे मारा, म्हणजे तळाशी वाफ कोंडून पारी फुगणार नाही.

भांडं म्हणजे जुनी, जाड बुडाची लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची कढई. नॉनस्टिक मुळीच नको, कोरडी तापली की तिचा लेप जळतो आणि त्याचा धूर वाईट. तळाला बोटाच्या दोन पेरांइतकं जाडं मीठ किंवा धुऊन वाळवलेली वाळू. हे धग साठवून सारखी वाटून देतं, एका जागी करपू देत नाही. त्यात लोखंडी कडं किंवा छोटी तिवई. झाकण लावून मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं तापू द्या. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढून. ते मीठ पुढं याच कामाला ठेवा, आमटीत घालू नका.

पहिल्यांदा पारी रिकामीच भाजायची. आम्ही तिच्यावर केळीच्या पानाचा तुकडा घातला आणि वर दोन मुठी हरभरे, म्हणजे पारी फुगत नाही आणि काठ खाली घसरत नाहीत. पंधरा-वीस मिनिटांनी पान आणि हरभरे काढून घ्या. तळ कोरडा दिसला पाहिजे, पापडासारखा. कालचा गिचका तळ टळतो तो इथं. मग त्यात पूर्ण निवलेलं सारण भरा, वरून सपाट करा आणि पुन्हा कढईत ठेवून आच मंद करा. झाकण लोखंडी किंवा पितळी असेल तर वर निखारे पसरा, गॅसवर करत असाल तर जाड तवा दुसऱ्या शेगडीवर लाल तापवून झाकणावर ठेवा आणि गार झाला की पुन्हा तापवा. पस्तीस-चाळीस मिनिटं. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका, जमलेली धग जाते. शेवटची दहा मिनिटं झाकणाला थोडी फट द्या. काठ तांबूस झाले, वास सुटला आणि सारण मधे हलवल्यावर हललं नाही, की झालं.

आणि लगेच कापायचं नाही. दोन तास. खळ निवताना घट्ट होते हे मघाशी सांगितलं. गरम कापला की ओघळणार. आमच्याकडे हा सगळ्यात कठीण भाग होता. पोरं ताटलीभोवती बसून होती, मांजरासारखी.

निखाऱ्यांबद्दल एक गोष्ट मात्र नीट ऐका. पावसात आपण दारं-खिडक्या लावून घेतो. बंद खोलीत निखारे ठेवले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धूर दिसत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि त्या गुंगीतच जीव जाऊ शकतो. निखाऱ्याचं काम पडवीत किंवा वारा खेळत्या ओटीवरच करा, आणि काम झालं की निखारे बाहेर विझवा, शेकायला म्हणून आत आणू नका. आणि तुमची वाडी डोंगराच्या कुशीत असेल, ग्रामपंचायतीचा किंवा तहसीलचा निरोप आला असेल की शाळेत हला, तर चूल विझवून निघायचं. भोपळा महिनाभर टिकतो.

गॅसचाही हिशोब सांगते, कारण गटातल्या बायका पहिला प्रश्न तोच विचारतील. सगळं धरून दीड तास आच लागते. रोजच्याला हे परवडणारं नाही. कढई एकदा तापली की लागोपाठ दोन पाय काढा, दुसऱ्याला पुन्हा तापवण्याचा खर्च नाही. चुलीवर करणार असाल तर भात उतरल्यावरच्या निखाऱ्यांवर करा.

आता वेळेचा हिशोब. सरकारनं २०१९मध्ये देशभर पाहणी केली होती, कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं याची. तिच्यात निघालं, की रोज घरकाम करणाऱ्या बायका १०० मध्ये ८१ आणि पुरुष २६. आणि जे करतात त्यांच्यातही बाईची २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. ही आकडेवारी ऐकून आपल्यातलं कुणी दचकणार नाही. पण पायच्या दुसऱ्या दिवशी मी सहज घड्याळ बघत गेले. भोपळा आमच्या ह्यांनी किसला, कारण कंपनीची बस नव्हती आणि पत्ते खेळून कंटाळा आला होता. बोट एकदा किसलं, ओरडले, पण किसला. पंचवीस मिनिटं. नारळ धाकट्या मुलानं खवला. तूप पोरीनं चोळलं, तिचे हात गार म्हणून. निखाऱ्यांची राखण सासूबाईंची, तिथं त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मी सारण ढवळलं, पारी बसवली आणि मधला जो पाऊण तास होता त्यात ओटीवर नुसती बसले. पागोळ्या बघत. जुलैमध्ये दुपारी अशी शेवटची कधी बसले होते ते आठवेना.

हे का झालं, तर पाय कुणालाच येत नव्हता. घारगे असते तर, “तुला येतात ना, कर,” म्हणून सगळे वाट बघत बसले असते. आपल्याला जे येतं ते आपल्याच गळ्यात पडतं. नवीन पदार्थाला कुणी मालकीण नसते, म्हणून त्यात हात घालायला सगळे येतात. आता मी तो दोनदा आणखी केलाय आणि तिसऱ्या वेळेला ह्यांनी विचारलं, “झाला का पाय?” म्हणजे तोही माझ्या गळ्यात पडायला लागलाय. या पावसात काहीतरी दुसरं शोधावं लागणार.

संध्याकाळी पाचला पाय कापला. आठ तुकडे. काठ खुसखुशीत, तळ कोरडा, वरून एका बाजूला जरा जास्त लाल, कारण तिथं निखारा मोठा होता. सासूबाईंनी खाल्ला आणि म्हणाल्या, गूळ थोडा कमी चालला असता. मग दुसरा तुकडा मागितला. शेजारच्या घरात एक तुकडा पाठवला, तिथून वाटी परत आली ती शेवळाच्या भाजीनं भरून. पोरगी चौथ्या दिवशी रस्ता सुरू झाल्यावर ठाण्याला गेली. जाताना तिनं सासूबाईंकडून धोंडसाचं माप लिहून घेतलं. रव्याचं माप विचारलं तर सासूबाईंनी ओंजळ दाखवली. पोरीनं ती ओंजळ वाटीत ओतून मोजली: पाऊण वाटी.

भाद्रपदात काकड्या जून झाल्या की ते धोंडस घेऊन येईन. तोवर, ज्यांच्या माळ्यावर भोपळा आहे त्यांनी तो उलटून बघून ठेवा. देठाशी मऊ लागला तर आधी तोच वापरा.